मनालीचा उजवा डोळा

मीनाबाईचं चटणी कांडपाचं दुकान म्हणजे सगळ्या गल्लीला शिंका. मिरच्या कुटून कुटून बाईच्या जिभेलाही धार आलेली. गिऱ्हाईक लांबूनच पिशवी पुढं करायचं. हात मात्र सढळ. अशी ही बाई गप्प बसलेली कुणी बघितली नव्हती. एकदाच बसली, आणि ते बसणं तिला आजही खातंय.

त्याचं असं झालं. एप्रिलातल्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ऐन हंगामात, नवी सून मनाली मिरच्यांची देठं खुडत होती. हाक मारली म्हणून तिनं वर बघितलं, तर उजवा डोळा जरा मोठा. मीनाबाई कडाडली, “डोळं वटारतीस व्हय गं माझ्यावर? खाली बघ!”

मग ते रोजचंच झालं. मनालीनं ओढणी कपाळावर ओढली ती ओढलीच. आता खाली घातलेल्या मानेतला डोळा कोण बघणार, सांगा!

दोन वर्षांनी एका सकाळी तिनं चहा ओतला तो कपाच्या बाहेर. नवरा बुद्धभूषण इचलकरंजीला मागावर पाळीला, म्हणून सासूच दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्यामागं गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून?”

“तीन महिनं झालं,” मनाली म्हणाली.

मीनाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“तीन महिन्यांत एवढी? मग काळजीचं आहे. कॅन्सरही असू शकतो. पण रक्तवाहिन्यांची गाठ असली, तर तपासायला तुकडा काढताना रक्त आवरायचं नाही. आधी न्यूक्लिअर स्कॅन करू.”

“बाँबचं न्हवं ते?” मीनाबाईनं स्कॅनवाल्याला विचारलं.

तो हसला. “न्हाय ओ आजी. हिचंच रक्त थोडं काढायचं, त्यात किरण देणारं औषध मिसळायचं, परत हिलाच द्यायचं. मग रक्त कुठं साठतंय ते कॅमेऱ्याला दिसतंय. सुरी न्हाय, टाका न्हाय.”

पहिल्या फोटोत काहीच नाही. दुसरा दोन तासांनी. दोघी बाकावर बसल्या.

“तीन महिनं का म्हणालीस गं?”

“दोन वर्सं म्हटलं की इतके दिस का दडवलं इचारणार. मग तुमचं नाव कसं घेऊ, आत्ती?”

मिरचीचा खकाणा खाऊन ज्या डोळ्यांतनं कधी टिपूस आलं नव्हतं, ते भरले. मीनाबाई उठली, तडक स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. “पोरगी खोटं सांगतीया. दोन वर्सं झाली. जयंतीच्या आदला दिस. मला पाठ हाय, कारण त्याच दिवशी मी तिला बोलले. म्हटलं, डोळं वटारतीया.”

दुसऱ्या फोटोत डोळ्यामागं पिकल्या बोराएवढा गोळा लख्ख उजळला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्त सावकाश भरलं, आणि तुम्ही म्हणता तशी गाठही सावकाश वाढली. दोन्ही जुळतंय. ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ दिसते, कॅन्सर नव्हे. तुकडा काढायला नको. ऑपरेशन करून अख्खीच काढतील. फक्त नसेवर दाब पडलाय. नजर किती परत येईल, आज नाही सांगता येत. आधी आला असता तर...”

बाहेर मनाली ओढणी ओढून बसलेली. मीनाबाईनं ती आपल्या हातानं मागं सारली. “वर बघ गं. बघ माझ्याकडं. वटार हवं तर.”

मनालीनं बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, सरळ. एक डोळा लहान, एक मोठा.

आणि अख्ख्या गल्लीला दम देणारी मीनाबाई खाली बघायला लागली.

“तवाच दिसला हुता की गं मला,” ती फरशीला म्हणाली.