कासिर्ये गप्प राहिला तेव्हा

रोज दुपारी पहिला खेळ लागण्याआधी कासिर्ये व्हिडिओ हॉलच्या दारात येऊन मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायचा. मान मागे टाकून, डोळे मिटून, भरपूर आवाज करत. समोरच्या ओसरीवर नाबुकीरा शिवणयंत्र चालवत असायची. "अगं, तुझं इंजिन सुरू झालं," असं शेजारची केळी भाजणारी बाई म्हणायची आणि नाबुकीरा मान वर न करता हसायची.

न्येन्दो गावात त्याला सगळे आवाजावरूनच ओळखत. हॉलमध्ये हिंदी सिनेमा लागला की तो त्याचा आवाज बारीक करी आणि माइकवरून सगळ्यांच्या तोंडचं गावाच्या लुगांडा भाषेत बोले. नायक, नायिका, सासू, पोलीस, एखादा बैलसुद्धा. हिंदीचा त्याला गंध नव्हता. चेहऱ्याकडे बघायचं आणि त्या चेहऱ्याला शोभेल ते बोलायचं, एवढीच त्याची विद्या. पात्रांना नावंही तो गावातलीच द्यायचा. खलनायकाला हॉलच्या मालकाचं, सालोंगोचं, नाव दिलं की बाकं हलेपर्यंत लोक हसत. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसावं.

नाबुकीराशी लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक नायिका नाबुकीरा झाली. हॉलबाहेरच्या कर्ण्यातून ते नाव रस्ताभर ऐकू येई. ती त्याच्यावर चिडायची आणि त्या दिवशीची शिवण नेमकी सरळ यायची.

त्याच दिवसांत तिनं त्याला एक गोष्ट सांगितली. तिची आई फार दिवस अंथरुणाला खिळून होती. शेवटी शेवटी थकून ती आईच्या कानाशी म्हणाली होती, "आई, आता जा गं. मला झोपायचंय." उजाडायच्या आत आई गेली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सेंगालाही नाही, आणि बापाच्या बहिणीपासून, सेंगापासून, मुलीनं काही लपवायचं नसतं. कासिर्ये नुसता तिचा हात हातात धरून बसला.

पुढे एक सिनेमा लागला. त्यात नायिका आजारी आईच्या उशाशी बसलेली होती. कासिर्ये तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्या चेहऱ्याला शोभणारे शब्द त्याच्या तोंडून निघून गेले. "आई, आता जा गं. मला झोपायचंय." हॉल रडला. बाहेर केळीवालीचा वारा घालणारा हात थांबला. नायिकेचं नाव नाबुकीरा होतं, आणि नाबुकीराची आई किती दिवस झिजली ते सगळ्या आळीनं पाहिलं होतं.

संध्याकाळी सेंगा आली.

"खरंय का गं हे?"

नाबुकीराला खोटं बोलता आलं नाही. मग कासिर्ये धावत आला तेव्हा सेंगानंच त्याला दारात अडवलं.

"तुझं तोंड म्हणजे बाजाराचं फाटक आहे, बाबा. कोणीही यावं, जावं. आमची पोर तिथं नांदायची नाही."

बोलणी मोडली. तेव्हापासून कासिर्ये नायिकेला नावच देईना. "ती मुलगी" म्हणायचा. लोक कुरकुरले, मग सरावले. रस्ता तोच होता, ओसरी तीच होती. तो रोज येता-जाता वाकून नमस्कार करी, आणि नाबुकीरा सुईत दोरा ओवत बसे. ओवलेला असला तरी. सेंगा म्हातारी होऊन वारली, केळीवालीच्या मुली सासरी गेल्या, आणि इकडं एक शब्द बोलला गेला नाही.

मग तो सिनेमा आला. नायक खोटी साक्ष देऊन प्रेयसीच्या भावाला तुरुंगात धाडतो, भाऊ तिथंच मरतो, आणि शेवटी नायक नदीकाठी तिच्यापुढे गुडघे टेकतो. सालोंगोनं तो आधीच बघून ठेवला होता. ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "गाढवा, हा तुझ्यासाठीच काढलाय त्या लोकांनी. नायकाच्या तोंडून माफी मागून टाक. कर्णा मी तिच्याकडे वळवून ठेवतो."

आणि खरंच त्यानं तो वळवला.

त्या दुपारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. केळीवाली निखारे तसेच टाकून आत जाऊन बसली. यंत्र झाकून घरात जावं, असं नाबुकीराला वाटलं, पण पाय उचलेनात. पुन्हा आपलं नाव या रस्त्यावर सांडणार. या वेळी तर गोड शब्दांत गुंडाळून, आणि सगळे टाळ्या वाजवणार. मग आपण नाही म्हटलं तर आपणच दगडाच्या.

नदीचा प्रसंग आला. नायकानं गुडघे टेकले. कासिर्येचा आवाज थांबला.

मग सिनेमाचा आवाज वाढत गेला. त्यानंच बटण पिळलं असणार. कर्ण्यातून पाण्याची खळखळ आली, आणि कुणालाही न कळणाऱ्या भाषेत एक पुरुष रडत काहीतरी सांगत राहिला.

"अरे बोल ना!"

"सालोंगो, तुझा पोपट मेला का बघ!"

"बोल की मुडद्या, तिचा भाऊ काय तू मारलायस?" हा खुद्द सालोंगो.

कासिर्ये बोलला नाही. प्रसंग संपला, तेव्हा खाकरून म्हणाला, "हं, तर मंडळी, आता ती दोघं घराकडे निघालीत."

नाबुकीरा हातातल्या कापडाकडे बघत राहिली. सगळ्या रस्त्यानं त्याला मुभा दिली होती. त्यानं ती घेतली नव्हती.

खेळ सुटल्यावर लोक त्याला शिव्या देत पांगले. तो नेहमीसारखा वाकून पुढे जाणार, तोच ती म्हणाली, "इकडे ये. मघाशी जे बोलला नाहीस ते बोल."

तो पायरीशी उभा राहिला. ओठ हलले.

"काय? ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल की. तुझा आवाज तर तळ्यापर्यंत जातो म्हणे."

"नको. एवढ्यातच बरं आहे."

तिला हसू आलं, आणि ते तिला आवरता आलं नाही.

त्यांनी उशिरा, गाजावाजा न करता संसार मांडला. सालोंगोनं एक कोंबडा आणला आणि दिवसभर सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. नाबुकीरा नवऱ्याशी भाजीपाल्याचं बोले, कापडाचं बोले, शेजारणींचं बोले. मनातलं मात्र बोलत नसे. त्यानंही कधी विचारलं नाही. पुढे त्याची छाती बिघडली आणि माइक सुटला.

एका तिन्हीसांजेला तो खाटेवर पडला होता. ती पायथ्याशी बसली आणि तिनं त्याला एक गोष्ट सांगितली, कुणालाच न सांगितलेली. सांगायला बराच वेळ लागला. तो छताकडे बघत ऐकत होता. दुसऱ्या सकाळी तो उठला नाही. आणि ती गोष्ट काय होती, ते न्येन्दोत आजही कुणाला माहीत नाही.

त्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला होता, "बरं. आता दार ओढून घे, डास यायला लागले."