धरणाच्या पाठीवरचा वाळा

वाडीच्या धरणातून झिरपणारं पाणी निवळ आहे की गढूळ, हे रोज सकाळी पाहून यायचं काम लग्नानंतर माझ्याकडे आलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच धडा दिला होता. "निवळ पानी येतंय तवर भ्यायचा नाय. गढूळ झाला का खालची मानसा उठवायची."

धरण म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा उंच बांध. त्यामागे अडलेल्या पाण्यावर हिवाळ्यात वाडीचं वायंगणी भात पिकायचं. बांधाच्या बाहेरच्या उतरणीवर वरपासून खालपर्यंत वाळा लावलेला होता आणि त्याला कुदळ लावायची नाही असा वाडीचा दंडक होता. का, असं मी विचारलं, तर "राखणदाराचा हाय" एवढंच उत्तर मिळालं. मी केळशीची, समुद्राकाठची. मला वाटायचं, ह्या डोंगरातल्या लोकांना प्रत्येक झुडपात देव दिसतो. त्यातून कारण न सांगता कुणी नको म्हटलं की तेच करायला माझे हात शिवशिवतात. हा स्वभाव अजून गेलेला नाही. शिमगा झाल्यावर एका दुपारी मी एका कोपऱ्यातला वाळा खणून काढला, वासाची मुळं धुऊन वाळवली आणि माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत घातली. राखणदार काही आला नाही, म्हणून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

आषाढात लावणी संपत आली होती. पाच दिवस पाऊस खळला नव्हता आणि घरात एक लुगडं सुकलेलं नव्हतं, म्हणून त्या सकाळी ट्रंकेतलं नेसून मी धरणावर गेले. मी खणलं होतं त्याच कोपऱ्यात उतरण खचून खाली आली होती आणि तिच्यातून तांबडं पाणी येत होतं. मी ओरडत खाली धावले.

धरणाच्या पायथ्याशी पहिलं घर एका म्हातारीचं होतं. नवरा कधीच वारलेला, पोर नाही. तिला आणि तिच्या शेळीला आधी बाहेर काढलं. तोवर वाडी जमली. काही जण पाणी उतरवायला सांडवा खोल करू लागले. बाकीच्यांनी पेंढा, निरगुडीचे टहाळे आणि जांभ्याचे दगड आणून खचलेल्या जागी रचायला घेतले. म्हातारीही रांगेत उभी राहून दगड पुढे देत होती.

एकाने भोकात चिखल कोंबायला घेतला तसे मामंजी त्याच्या अंगावर गेले. "पानी कोंडू नको. त्याला जाऊ दे, माती तेवढी धर." मग ते खचलेल्या जागेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हितला वाळा कोनी काडलान?"

सगळे म्हातारीकडे बघू लागले. ती वाळ्याचे पंखे विणून रत्नागिरीच्या बाजारात विकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणालं, "दुसरा कोन काडनार? गनपतीच्या आधी हिला वाडीभायर घालवा." म्हातारीने हातातला दगड पुढे दिला आणि दुसरा घेतला.

मी तिच्या शेजारीच होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण भिजल्यावर वाळ्याला वास सुटतो, आणि माझं लुगडं चिंब भिजलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. तो वास सगळ्या वाडीला येतोय असं मला वाटू लागलं. भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"मी काढला," मी म्हटलं.

पावसाच्या आवाजात ते सगळ्यांनी ऐकलं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दगड दे," एवढंच म्हणाले. मी दिला. दुपार कलली तेव्हा कुठे टहाळ्यांतून निवळ पाणी येऊ लागलं, आणि कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

घरी जाऊन मी ट्रंकेतली सगळी मुळं आणली आणि मामंजींपुढे ठेवली. "मेलेली मुळा माती धरत नायत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने मला तिच्या घरामागे नेलं. न्हाणीचं पाणी जात होतं तिथे तिने वाळ्याची रांग लावलेली होती. "पंख्याचा वाळा ह्यो. धरनाचा मी कदी हातात घेतला नाय," ती म्हणाली. मग कुदळ घेऊन तिने आपल्याच रांगेतले जिवंत ठोंब काढायला सुरुवात केली. अर्धी रांग रिकामी झाली तरी ती थांबेना. ते सगळे ठोंब तिने माझ्या ओच्यात घातले. क्षमा मागायला मी तोंड उघडलं, तर तिने मला बोलू दिलं नाही.

"खोल लाव गो," ती म्हणाली. "खाली माजा घर हाय."