न्क्वोच्या दिवशी सोमवार

उझोमाला गप्प बसणं माहीतच नव्हतं. चवळीची भजी तळता तळता ती गिऱ्हाइकाच्या बायकोपासून राष्ट्रपतीपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची, आणि तरी उमुओगाली गावची माणसं तिच्याच कढईपुढे गर्दी करायची. त्या आठवड्यात तर तिच्या तोंडाला खळच नव्हता. भावाचा अंत्यविधी ठरला होता.

भाऊ ओबिएझे बायाफ्राच्या लढाईत गेला तेव्हा ती लहान पोर होती. वेगळा देश मागणारी ती लढाई हरली, देश गेला आणि भाऊ परत आला नाही. प्रेत दिसल्याशिवाय मी पोराला मेला म्हणणार नाही, असा आईचा हट्ट. आई होती तोवर विधीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि ती गेल्यावर भाऊकीनं आज करू, उद्या करू यात वर्षं घालवली. विधी न झालेला माणूस ना इकडचा ना तिकडचा, वाटेतच उभा राहतो. उझोमाचे केस पिकले, तरी तिचा भाऊ वाटेतच.

अखेर भाऊकीतल्या थोरल्या इलोकाबाबांनी कोलाफळ फोडून दिवस धरला. ओबिएझे न्क्वोच्या बाजारदिवशी जन्मला, तर न्क्वोलाच जाईल. गावाचा चार बाजारदिवसांचा आठवडा बाबांनी बोटांवर मोजला, सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र एकाही शहाण्यानं बघितलं नाही. बकरा आला, माडी आली, माहेरच्या अंगणात खड्डाही खणून झाला, तेव्हा कुठे रविवारी चर्चच्या पायरीवर एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या सोमवार!

सोमवारी कुणी घराबाहेर पडायचं नाही, हा बायाफ्रा पुन्हा उभा करायला निघालेल्या पोरांचा हुकूम. मोडला की दुकान जळायचं, नाहीतर हाडं मोडायची. त्या पोरांचा गावातला म्होरक्या सोमादिना, मोटरसायकली दुरुस्त करणारा तिशीतला गडी. अंगात कायम काळा टी-शर्ट, आणि त्यावर छापलेला ओबिएझेचा लष्करी टोपीतला फोटो. तो फोटो उझोमानंच कौतुकानं दिला होता. त्या रविवारी संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. गावातल्या सगळ्या पोरांसारखा तोही तिला आईच म्हणायचा.

"आई, उद्या सोमवार आहे."

"उद्या न्क्वो आहे."

"पुढच्या न्क्वोला करा ना."

"अरे शहाण्या, खड्डा खणलाय. न भरता सोडला की घरातलं आणखी एक माणूस मागतो तो. तू उतरतोस?"

"वरून हुकूम आहे, आई. माझ्या हातात नाही. आणि ओबिएझे मेलाय कुठे? आमचे वीर मरत नाहीत!"

"नाहीच मरत! तुम्ही मरू द्याल तेव्हा ना!" उझोमानं झारा त्याच्यावर उगारला. "ज्या देशापायी तो गेला, त्याच देशाच्या नावानं त्याला घरी येऊ देत नाहीस होय रे? चल, नीघ!"

सोमवारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पण भाऊकीला रस्ता हवाय कशाला? बायका डोक्यावर पातेली घेऊन रताळ्यांच्या वाफ्यांतून आल्या, म्हातारे कुंपणाच्या भोकांतून वाकत आले. दबक्या आवाजात ढोल सुरू झाला, मग कुणाला दबकं राहवेना. उझोमा पांढरं नेसून अशी नाचली की गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता आणि हे ती कुंपणापलीकडच्या नवऱ्याच्या थडग्याकडे बघत मोठ्यानं बोललीसुद्धा.

मग घोडं अडलं. देह नाही म्हणून केळीचा खुंट पांढऱ्या कापडात गुंडाळला होता. तो मुलानं खाली उतरवायचा. ओबिएझेला मूल नव्हतं, आणि मुलाच्या जागी ठरवलेला पुतण्या शेजारच्या गावात सोमवारला भिऊन बसला होता. इलोकाबाबा डोकं खाजवत राहिले. तेवढ्यात फटफटी वाजली आणि ढोल जागीच थांबला.

सोमादिना एकटाच आला होता. "बंद करा हे! ढोल पार नाक्यापर्यंत ऐकू येतोय. दुसऱ्या गावची पोरं आली तर मी आवरू शकणार नाही!" त्याच्या खिशातला फोन एकसारखा वाजत होता.

उझोमा घाबरली नाही. तिला त्याच्या छातीवर भाऊ दिसला, घामानं भिजलेला.

"बापाचा चेहरा कोण मिरवतं रे?" ती म्हणाली. "मुलगाच ना? रोज मिरवतोस. उतर मग."

"मी?"

"तूच. हा घे तुझा बाप."

तिनं खुंट त्याच्या हातांत दिलासुद्धा. सगळी भाऊकी त्याच्याकडे बघत होती. त्यानं फोन बंद केला, चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरला. तान्हं पोर निजवावं तसा त्यानं खुंट मातीवर ठेवला आणि वर पाहिलं. आता मुलानं बापाला निरोपाचे शब्द सांगायचे होते.

"काय सांगू, आई?"

"सांग, लढाई संपली. घरी ये."

आख्ख्या पंचक्रोशीत घोषणा देणारा तो गडी, त्याला हे दोन शब्द जड झाले. छातीवरच्या फोटोवर त्यानं मातीचा हात दाबून धरला. मग तो पुटपुटला, "लढाई संपली, बाबा."

"मोठ्यानं!" खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून, रडत, हसत उझोमा ओरडली. "मोठ्यानं सांग त्याला! अजून गोळीबारातच उभा आहे रे तो!"