जमनाची पाटी आणि आत्माराम गुरुजी

फायनल पास होऊन मी सारंगखेड्याच्या शाळेत रुजू झालो. पहिल्याच दिवशी एका पोराच्या पाटीवर मी तावातावाने फुली मारत असताना हेडमास्तर आत्माराम गुरुजींनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "त्याने काय वाचलं, ते आधी विचारा," ते म्हणाले. मला रागच आला.

पाटीवर होते ४ + ३ = __ + २, आणि रिकाम्या जागी पोराने ७ लिहिले होते. गुरुजींनी बरोबरच्या चिन्हावर बोट ठेवले. "हे काय सांगतं रे?"

"उत्तर लिख, अशे सांगस."

गुरुजी रागावले नाहीत. त्या दोन रेघा आपणच हुकमासारख्या शिकवतो, दोन्ही बाजू सारख्या हे सांगायचे राहूनच जाते, असे ते मला म्हणाले. मग त्यांनी चिंचोक्यांचे दोन ढीग मांडले आणि पोराने आपले आपण ५ लिहिले.

हा धीर त्यांना कुठून आला, ते त्यांनीच पुढे सांगितले. नव्या प्रत्येक मास्तराला ते सांगत, काही न लपवता.

मी येण्याच्या कितीतरी वर्षे आधी दुसरीत जमना नावाची मुलगी होती. डेप्युटीसाहेब तपासणीला आले असताना तिने ३ + ४ = यापुढे ५ + २ लिहिले. साहेबांसमोर लाज गेली म्हणून गुरुजी कडाडले, "डोकं आहे की खोकं?" वर्ग हसला. ती हळूच म्हणाली, "दोन्हीकडे सातच शे ना, गुरुजी." साहेब गेल्यावर गुरुजींनी पाटी पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी जमना आली नाही. ते तीनदा तिच्या घरी गेले. बाप म्हणाला, "गनित येत नही, ते शाळा कसाले? आते लगीन करी टाकसूत."

तेव्हापासून एखादी मुलगी दोन दिवस दिसली नाही, की गुरुजी तिच्या दारात उभे राहत. अशा कितीतरी मुली शिकल्या. जमना मात्र शिकायची राहिली, आणि ते दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर रोज पाहिले आहे.

गुरुजींच्या साठीच्या समारंभाचे बोलावणे घेऊन मी परवा म्हसावदला जमनाबाईंच्या सासरी गेलो. त्या अंगणात मिरच्या निवडत होत्या. तुमचे ते गणित बरोबर होते, असे मी सांगितले. त्या हसल्या. "मालेच गनित येत नव्हतं, भाऊ. गुरुजीना काय दोस?"

परत येऊन मी हे सांगितले, तेव्हा गुरुजी माझ्यासमोर रडले.

परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि बैलगाडीने म्हसावद गाठण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात राहो. माझ्या सांगण्यावर जमनाबाईंचा विश्वास बसला नाही.