ठेच कुठं लागली?

गुरुपादप्पा सर एकदा उदगीरच्या स्टँडवर जळकोटऐवजी चाकूरच्या एसटीत चढले. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून पुढच्या फाट्यावर उतरला असता. सरांनी शांतपणे चाकूरचं तिकीट काढलं, चाकुरात उतरले, बाजारातून एक कुलूप विकत घेतलं आणि दिवस मावळायला घरी आले. बायको शिवगंगाबाई म्हणाल्या, "घरात कुलपं हायत की वो."

"अजून एक लागणार होतं," सर म्हणाले.

कोणत्या दाराला, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

तर असा हा माणूस. कपाळाला विभूती, शर्टाला कडक इस्त्री, अक्षर मोत्यासारखं, आणि 'चुकलो' हा शब्द जिभेवर येणार नाही म्हणजे नाहीच. त्यालाही कारण होतं. ते स्वतः तिसरीत असताना गणित चुकलं की गुरुजी चुकलेली पाटी पोराच्या गळ्यात अडकवून मारुतीच्या पारापर्यंत फिरवून आणायचे. एकदा ही वरात विहिरीवरून गेली. तिथं आई पाणी शेंदत होती. तिनं नुसता पदर पुढं ओढला. त्या दिवसापासून गुरुपादप्पानं ठरवलं, चुकायचं नाही. आणि चुकलंच तर कुणाला दिसू द्यायचं नाही. पुढं ते डीएड झाले, मास्तर झाले, जळकोट तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक झाले, निवृत्तीला टेकले. ठरवलेलं मोडलं नाही.

शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. दुसऱ्या मंजुश्रीबाई, उदगीरहून जीपनं येणाऱ्या. वयानं सरांच्या लेकीएवढ्या, पण डोक्यानं भलत्याच. त्यांनी तिसरीच्या वर्गात एक उपक्रम काढला. नाव ठेवलं 'ठेच'. पोरगं फळ्यावर गणित चुकलं तर पुसायचं नाही. चुकलेल्या आकड्याभोवती खडूनं गोल दगड काढायचा आणि म्हणायचं, "मला हितं ठेच लागली." मग वर्गानं विचारायचं, "तवा तुझ्या मनात काय चाललं होतं?" त्यानं ते सांगायचं. ठेचेची जागा सापडली की टाळ्या. बाई म्हणायच्या, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपण फळ्यावर उतरवली, दुसरं काही नाही.

पोरं खुलली. वजाबाकी बघून पोटात दुखणारी पोरं फळ्याकडं धावायला लागली. सरांना ते दिसत होतं, तरी फळ्यावर दगड दिसला की त्यांचा हात आपोआप डस्टरकडं जायचा.

इथपर्यंत ठीक होतं. मग बालाजी घरी जाऊन आजीला म्हणाला, "आज मी चुकलो, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

आजी म्हणजे धुरपताबाई. शाळा समितीच्या सदस्य, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी चपला शोधाव्यात. त्या तडक आसपासच्या सगळ्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "चुकल्यावर टाळ्या? उद्या नापास झालं तर काय बँडबाजा लावणार हायत का बाई?"

केंद्रप्रमुख शेषेराव सर लोहा गावाकडचे, रोखठोक. ते शाळेत आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, या महिन्याची शिक्षण परिषद तुमच्याच शाळेत घेऊ. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांपुढं पाठ घ्या. पटला तर सगळ्या शाळांत चालू करू. न्हाई पटला तर तुमच्याकडचाबी बंद. मलाही वर उत्तर द्यावं लागतंय."

मंजुश्रीबाई "चालंल" म्हणाल्या. गुरुपादप्पा सरांचं मात्र अन्नावरचं मन उडालं. सगळ्या केंद्राचे मास्तर आपल्या शाळेत बसणार आणि आपली पोरं त्यांच्यापुढं फळ्यावर चुकणार. मुद्दाम. दगड काढून.

परिषदेच्या आदल्या दिवशी बाईंची जीप गेली आणि सरांनी तिसरीला थांबवून घेतलं. बाईंनी पाठासाठी काढून ठेवलेली गणितं टेबलावरच होती. सरांनी ती फळ्यावर लिहिली, उत्तरं सांगितली आणि पोरांकडून घोकून घेतली. बावन्न वजा सत्तावीस, पंचवीस. बालाजी, म्हण. पंचवीस. परत म्हण. पंचवीस. शेवटी म्हणाले, "उद्या कुणी चुकायचं न्हाई. ज्याला ठेच लागंल त्याची गाठ माझ्याशी हाय."

त्यांच्या मनात खोट नव्हती. पोरं फडाफडा बरोबर करतील, पाव्हणे म्हणतील, वा, बाईंचा उपक्रम भारी. इतका सरळ हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. शिक्षक मंडळी वर्गात मागं सतरंजीवर बसली, पुढं पोरं, दाराशी धुरपताबाई खांबाला टेकून. सर भिंतीला लागून उभे. बाईंनी पहिलं गणित घातलं. एक पोरगी आली, उत्तर बरोबर. दुसरा आला, बरोबर. तिसरी, बरोबर. सरांची छाती फुगली. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"बालाजी, तू ये." बालाजी हटकून अडखळतो म्हणूनच बाईंनी त्याच्यासाठी बावन्न वजा सत्तावीस ठेवलं होतं. बाईंचे सत्तावीस लिहून व्हायच्या आत बालाजीनं खाली पंचवीस मांडले.

मागून एक मास्तर बोलला, "लेकरं तयार हायत, पण बाई, ठेच कुठं हाय?"

"पोपट हायत वो," त्याच्या शेजारचा पुटपुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. हशा पिकला. शेषेराव सर हसले नाहीत. त्यांनी हातातल्या पेनला टोपी लावली. गुरुपादप्पांना ती टोपीची टिचकी ऐकू आली आणि कालचा हिशोब पहिल्यांदा उलटा दिसला. पोरं चुकलीच नाहीत तर बाईंनी दाखवायचं काय? आणि दाखवायलाच काही नाही, तर पटायचं कसं?

बाईंनी बावन्न पुसले. नवं लिहिलं, एकसष्ट वजा अडतीस. "कर, बालाजी."

बालाजीनं फळ्याकडं बघितलं. खडू घट्ट धरला. आणि लिहिलं, पंचवीस.

आता हशा मोठा झाला. दारात धुरपताबाईंचा चेहरा उतरला. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बालाजी, ठेच कुठं लागली?"

"न्हाई लागली, म्याडम."

"मग पंचवीस कुठून आले?"

बालाजीची नजर हळूच भिंतीकडं गेली, सरांवर थांबली आणि परत खाली आली. पोरगं बोललं तर सगळ्या केंद्रापुढं अब्रू जाणार. नाही बोललं तर बाईंचा उपक्रम गेला. आणि पोरगं बोलत नव्हतं. ते ओठ दाबून मार खायच्या तयारीनं उभं होतं.

"कुणी मदत करता का त्याला?" बाईंनी वर्गाला विचारलं.

एकही हात वर नाही. मग मागच्या रांगेतली लुंबिनी उठली. "म्याडम, ही ठेच त्याची न्हाई."

"मग कुणाची गं?"

लुंबिनीनं मान खाली घातली.

गुरुपादप्पा सर भिंतीपासून सुटले. ते फळ्यापाशी गेले. त्यांनी बालाजीच्या हातातला खडू घेतला. पंचविसाभोवती एक दगड काढला. मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसाचा दगड वेडावाकडा आला.

"हितं," ते म्हणाले. "हितं मला ठेच लागली. काल मी लेकरांकडून उत्तरं पाठ करून घेतली. बाईंना म्हाईत न्हाई."

मंजुश्रीबाई सरांकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता, आणि तो सरांना सोसवेना. तेवढ्यात लुंबिनी, जी अजून उभीच होती, नियमाप्रमाणं बोलली, "सर, तवा तुमच्या मनात काय चाललं होतं?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. शेषेराव सरांनी मान वळवून बघितलं, तसं ते बंद झालं.

"भ्याव," गुरुपादप्पा म्हणाले.

"कशाचं, सर?"

"तुमी चुकाल, आन् लोक मला हसतील, ह्याचं."

लुंबिनीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या तिसरीनं वाजवल्या. जागा सापडली होती. पोरांच्या लेखी विषय संपला. बालाजीनं सरांच्या हातातून खडू परत घेतला. "म्याडम, आता मी खरं करू का?"

त्यानं केलं. एकसष्ट वजा अडतीस, सदतीस. थांबला, बघितलं, सातावर दगड काढला. "एकातनं आठ जाईनात, म्हणून मी आठातनंच एक काढला." मग वर्ग त्याच्यावर तुटून पडला. दशकाची जुडी सोड, न्हाई तर कसं जाईल, आधी सहाचे पाच कर. फळ्यावर तेवीस आले तेव्हा सतरंजीवरचा 'पोपट' म्हणणारा मास्तर शेजाऱ्याला सांगत होता, "आमची सगळी पोरं हेच करतात बघ. मी नुसती फुली मारून राहिलो."

शेषेराव सर उठले. "गुरुपादप्पा, पढवून पाठ दाखवला, हे मला अहवालात लिहावं लागंल."

"लिहा," सर म्हणाले.

"धुरपताबाई, तक्रार तुमची होती. बोला."

धुरपताबाईंनी पदर सावरला. "टाळ्या वाजवा न्हाई तर ढोल वाजवा. पण माझ्या नातवाला परत कुणी पढवायचं न्हाई. हसं झालं त्याचं ते पढवल्यामुळं, चुकल्यामुळं न्हाई."

"मग सगळ्या शाळांत चालू," शेषेराव सर म्हणाले. "आन् पुढच्या परिषदेत बाईंनी उपक्रम सांगायचा. त्याच्या आधी मुख्याध्यापकांना एक गोष्ट सांगायची. उपक्रम कसा मोडतो ती. ती गुरुपादप्पा सांगतील."

संध्याकाळी जीपची वाट बघत मंजुश्रीबाई ओट्यावर आल्या. दिवसभर त्या सरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सर हातात एक कागद धरून एकटेच येरझारा घालत ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते.

"सर, भाषण पाठ करून राहिलात का?"

सर जागीच थांबले. "हाव," ते म्हणाले.

"आणा बरं तो कागद हिकडं," बाई पायरीवर टेकत म्हणाल्या, "नुसतं सांगा."