शिंपल्यांच्या खडकावर

मी जेवढी त्या दिवशी भ्याली, तेवढी जिंदगीत कधी भ्याली नाही. अन् तेही फिरायला गेल्यावर!

मुलीची बदली समुद्राकाठच्या गावी झाली, म्हणून आम्ही दोघं भिलाईचं स्मृति नगरातलं घर बंद करून महिनाभर तिच्याकडं गेलो. गावाबाहेर जुन्या शिंपल्यांचे खडक आहेत, लाखो वर्षांत दगड झालेले. ते पाहायले आम्ही गेलो. आमचे हे भिलाईजवळच्या नंदिनी गावच्या चुनखडीच्या खदानीत ब्लास्टिंगवर होते. रिटायर झाले तरी दगड दिसला की आमच्या यायचा पाय तिथून निघत नाही. "जिंदगीभर फोडतच आलो, आता बसून पाहू दे," म्हणे. वाऱ्यानं कानातली मशीन शिट्ट्या मारे, म्हणून ती काढून माझ्याजवळ देली अन् गेले पुढं. माझा गुडघा दुखे, मी मागं वाळूवर बसली. गेटवरच्या गार्डनं बजावलं होतं, पाणी चढायच्या आधी परत या. आम्ही भिलाईचे, आमाले पाणी नळाला येतं तेवढंच ठाऊक.

पाहते तं काय, यायच्या अन् माझ्या मधात पाणी! हे पाठमोरे, खडकाले नाक लावून बसलेले. "अहो! पाणी आलं ना!" मी घसा फाटेस्तोवर ओरडली. मशीनबिगर यायले काय ऐकू येते, कप्पाळ! जवळ चिटपाखरू नव्हतं. काही सुचेना, तं एक गोटा उचलून भिरकावला. तो यायच्या बाजूलेच खाडकन पडला.

माय वं! वळून पाहायचं सोडून यायनं दोन्ही हात डोक्यावर घेतले अन् मोठ्या खडकाआड जाऊन दडले. ब्लास्टिंगचा दगड उडाला की खदानीत असंच करत, अन् ऑल क्लिअरचा भोंगा होईपर्यंत हालत नसत. इथं ऑल क्लिअर कोण देईन? आता हे दिसतही नव्हते, अन् पाणी वाढूनच राहिलं होतं.

मले पोहता येत नाही. शेवटी पर्स वाळूवर टाकली अन् साडी-गुडघ्यासकट शिरली पाण्यात. कमरेपर्यंत पाणी आलं तसं देवाचं नावही आठवेना. खडकाआड गेली अन् यायची कॉलर धरली. हे दचकून म्हणाले, "तू कावून आली पाण्यात? मरशीन ना!" मग मागं पाहिलं, अन् यायचा चेहरा पांढरा पडला. एकमेकाले धरून, पडत-उठत आम्ही काठाले लागलो.

वाळूवर बसून मी पर्समधली मशीन यायच्या कानात घातली. "गोटा मीच मारला," मी म्हटलं. "काय करू, ऐकूनच नाही राहिले तुम्ही." मले वाटलं, आता चिडतीन. हे खालीच पाहत होते.

"मी आधी लपलो," हे म्हणाले. "तू तिकडं उघड्यावर आहे, हे मले मागून आठवलं." अन् रडू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी यायले रडताना पाहिलं नव्हतं.

"जाऊ द्या," मी म्हटलं, अन् ओल्या पदरानंच यायचं तोंड पुसलं. हे खडकाआड गेल्यावर मी पाण्यापासून दोन पावलं मागं सरकली होती, अन् कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली होती. ते मी यायले आजवर सांगितलं नाही.