समुद्र काही प्यायचा नाही

अमरावतीच्या कॉलेजात कुणी फ्रेंचच्या गृहपाठाला नाक मुरडलं, की आमच्या बाई म्हणायच्या, "स ने पा ला मेर आ ब्वार." म्हणजे, समुद्र काही प्यायचा नाहीये. आपण म्हणतो ना, डोंगर उचलायला सांगितला नाही तुला, तसंच. काम कटकटीचं आहे, पण होण्यासारखं आहे, एवढाच अर्थ. ज्याच्यावर खरंच आभाळ कोसळलंय त्याला मात्र हे ऐकवू नका, त्याला ती थट्टा वाटेल, असंही बाई बजावायच्या. आज मी हेच पोरांना शिकवते.

तेव्हा मात्र मला त्या वाक्याचा रागच यायचा. माझं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारट, की त्यात तुरीची डाळ शिजत नाही. समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता, प्यायचो मात्र रोज! घरात दोन माठ असत. मोठा खाऱ्या पाण्याचा, आमचा. लहान गोड्या पाण्याचा, पाहुण्यांचा. ते गोडं पाणी माय शेजारच्या गावाहून डोक्यावर आणायची. घरातल्या कुणी लहान माठाला हात लावला, तर त्याची खैर नसे.

त्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली. बाबा कामासाठी परमुलखात गेले आणि माय एकटी पडली. मी कॉलेज सोडायचं ठरवलं आणि सामानसुमान घेऊन घरी आले. मायनं माझ्या पेटीकडे पाहिलं. मग लहान माठातून पेला भरून माझ्यापुढे धरला.

"काहून वं माय, मले काहून पाहुन्याचं पाणी?" मी चिडले.

"आता तू पाहुनीच," ती म्हणाली. "दोन दिस राय अन् परत जाय. इथंच राहाचं असीन त उठ, त्या मोठ्या माठातलं पी."

"अन् तुले हे सारं झेपते?"

"मी करून राहिली ना? मले काई जड नाई."

साफ खोटं बोलत होती. ओझ्यानं तिची मान एका बाजूला कलली होती, ती काय मला दिसत नव्हती? पण तिच्यापुढे कुणाचं काही चाललंय कधी? मी ते पाणी प्याले. तिचे हे उपकार माझ्यानं या जन्मी फिटायचे नाहीत.

परतीच्या दिवशी ती मला फाट्यावर सोडायला आली. एसटीत चढून मी खिडकीतून पाहिलं, तर रिकामा हंडा डोक्यावर घेऊन ती पाण्याच्या वाटेला लागलीसुद्धा होती.